शैलजाताईंचा स्कॉटलंडमधला किल्ला

"हाड मोडताना वाळकी काडी मोडल्यासारखा आवाज येतो, असं सगळे लिहितात," शैलजाताई मला पहिल्याच भेटीत म्हणाल्या. "तसा येत नाही. ओल्या टॉवेलात खडू गुंडाळून मोडला तर येईल, तसा येतो. आणि तो कानांना नाही, दातांना ऐकू येतो."

बोलत होत्या त्या स्वतःच्या उजव्या मनगटाबद्दल. सहा आठवड्यांचं प्लास्टर त्याच सकाळी निघालं होतं. मी सिंगापुरात, नोव्हेना भागातल्या एका रुग्णालयात हातांची थेरपी करते. मोडलेले, भाजलेले, शिवलेले हात पुन्हा कामाला लावणं हे माझं काम. हातात आलेला प्रत्येक पेशंट मला एकच वाक्य सांगतो, खूप दुखतंय. या बाई मात्र आपलं मनगट टेबलावर ठेवून, दुसऱ्याची वस्तू न्याहाळावी तशा न्याहाळत होत्या. वय पन्नाशीच्या पुढे, केस कानापर्यंत कापलेले, अंगात फिक्या रंगाचा खादीचा कुर्ता, बाह्या पूर्ण खाली.

मी फॉर्मवरचं आडनाव वाचून मराठीत विचारलं, "खूप दुखतंय का?"

"'खूप' हे काही उत्तर नाही गं," त्या म्हणाल्या. "नेमकं विचार, म्हणजे नेमकं सांगते."

नेमकं हा त्यांचा शब्द होता. लग्नाआधी त्या सांगलीत एका छापखान्यात प्रुफं तपासायच्या, आणि ती नजर सिंगापुरात वीस वर्षं राहूनही गेली नव्हती. माझं मराठी नाशिकचं, त्यात बारा वर्षं इंग्रजीत काम केल्यामुळे भरपूर सैल झालेलं. मी "हात फोल्ड करा" म्हटलं की त्या हात दुमडायच्या आणि "दुमडला" म्हणायच्या. मला राग यायचा नाही. उलट पुढच्या भेटीआधी मी शब्द आठवून ठेवायला लागले.

मनगट कशामुळे मोडलं, या प्रश्नाला त्यांनी फॉर्मवर लिहिलं होतं: बाथरूममध्ये पाय घसरून. तेवढी एकच गोष्ट त्यांनी नेमकी सांगितली नव्हती, आणि ते माझ्या लक्षात यायला दोन महिने लागले.

बोटांत ताकद यावी म्हणून मी पेशंटना रोज काहीतरी बारीक काम करायला सांगते. कोणी मणी ओवतं, कोणी वाटाणे सोलतं. शैलजाताईंना मी म्हटलं, "रोज एक पान लिहा. काहीही लिहा, पण हाताने."

पुढच्या आठवड्यात त्या हिरव्या पुठ्ठ्याची वही घेऊन आल्या. पहिल्या पानावर अक्षर थरथरलेलं होतं, सातव्या पानावर ते जमिनीवर उभं राहिलं होतं. आणि मजकूर होता कादंबरीचा. सांगलीची इला नावाची नर्स एका म्हाताऱ्या बाईंची शुश्रूषा करायला स्कॉटलंडमधल्या एका किल्ल्यात जाते. बाईंना दोन मुलगे असतात. धाकटा अलास्टर कमी बोलतो, पण बोलतो तेव्हा ऐकणाऱ्याच्या मनात दिवा लागावा असं बोलतो. थोरला फर्गस देखणा, चार लोकांत वावरणारा, सगळ्यांचा लाडका.

"तुम्ही कधी गेला होतात स्कॉटलंडला?" मी विचारलं. कारण त्या किल्ल्याच्या भिंतीवरचं शेवाळ, तळ्यावरून येणारा वारा, जेवणघरातला ओल्या लोकरीचा वास, सगळं त्यात होतं.

"नाही. मला कोणीतरी पत्रांतून नेलं होतं," त्या म्हणाल्या आणि पिळायचा रबरी गोळा उचलला.

त्यांच्या शेजारच्या खुर्चीत लिम अंकल बसायचे. सेम्बावांगच्या गोदीत जन्मभर वेल्डिंग केलेले, निवृत्तीनंतर घरीच गॅसच्या भडक्यात दोन्ही हात भाजून घेतलेले. त्यांच्या हातांची कातडी मेणासारखी ताणलेली आणि चकचकीत होती. एकदा त्यांनी व्यायाम म्हणून दिलेलं संत्रं वीस मिनिटं खपून सोललं, आणि सगळंच्या सगळं शैलजाताईंसमोर ठेवलं. "You eat lah," ते म्हणाले, "I only practise." शैलजाताईंनी एकेक फोड खाल्ली. पुढच्या प्रकरणात अलास्टरच्या हातांवर भाजल्याच्या खुणा आल्या. मी मनाशी हसले. नायक कुठून आला ते मला कळलं, असं मला वाटलं.

खलनायक कुठून आला, ते कळलं तेव्हा हसू आलं नाही.

दहाव्या प्रकरणात फर्गस इलाला तळघरात नेतो आणि तिचा हात लोखंडी दाराच्या फटीत धरून दार लावतो. शैलजाताई ते मला वाचून दाखवत होत्या आणि मी त्यांचं मनगट हातात धरून फिरवत होते. फर्गस दार एकदम आपटत नाही. आधी लावतो, तिच्याकडे बघतो, मग खांदा लावून रेटतो. तिचा अंगठा वर असतो. हाड अंगठ्याच्या बाजूला, सांध्याच्या दोन बोटं मागे मोडतं.

माझं बोट त्या वेळी नेमकं तिथेच होतं. अंगठ्याच्या बाजूला, सांध्याच्या दोन बोटं मागे. बाथरूममध्ये पडणारा माणूस हात टेकतो, आणि तसं मोडलेलं हाड वेगळं असतं. हे मला आधीच दिसायला हवं होतं.

"शैलजाताई," मी हळूच म्हटलं, "हे असंच झालं होतं ना?"

त्यांनी वही मिटली. "कादंबरी आहे गं ती."

"आमच्याकडे सोशल वर्कर आहे. फक्त बोला तिच्याशी. मी बरोबर बसते."

"मेघना," त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज कोरडा झाला, "तू हात बघतेस ना? हातच बघ."

मी सोशल वर्करला बोलावलं. शैलजाताई तिच्याशी अर्धा तास हसून बोलल्या आणि काहीही सांगितलं नाही. मला मात्र वाटलं, आपण आपलं काम केलं. त्या वाटण्याची मला अजून लाज वाटते.

त्यांच्या यजमानांना मी आधीपासून ओळखत होते. इथल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात सूत्रसंचालन करायचे ते सुधीर कानडे. मोठ्या बँकेत वरच्या जागेवर, आवाज भारदस्त, प्रत्येकाच्या मुलांची नावं पाठ. बायका म्हणायच्या, नवरा असावा तर कानडेसरांसारखा. एके दिवशी ते शैलजाताईंना न्यायला आले.

"आमच्या पेशंटची प्रगती काय म्हणतेय?" त्यांनी हसत विचारलं आणि शैलजाताईंचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "बघू तरी, किती वळतंय."

आणि त्यांनी मनगट मागे वळवलं. मी ज्या कोनावर थांबत होते तो कोन ओलांडला, तरी वळवतच राहिले. माझ्याशी हवेबद्दल काहीतरी बोलत होते. शैलजाताईंच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही, पण त्यांच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब एकदम फुटले. "सर, सोडा!" मी ओरडले. लिम अंकल खुर्चीतून उठून उभे राहिले. कानडेसरांनी हात सोडला, मला नमस्कार केला, आणि बायकोच्या खांद्यावर हात ठेवून तिला घेऊन गेले.

त्यानंतरच्या दोन भेटींना त्या आल्या नाहीत. फोन बंद होता.

शनिवारी सकाळी मी त्यांच्या बुकित बातोकच्या घरी गेले. नियमात ते बसत नव्हतं, पण पत्ता माझ्याकडे होता. अकराव्या मजल्यावर कानडेसरांनी दार उघडलं. इस्त्रीचा झब्बा, कपाळावर गंध.

"अरे वा! या ना. शैलजा पुण्याला गेलीय, बहिणीकडे. अचानक ठरलं."

मी आत पाऊल टाकलं. आतून कुठूनतरी ठक्, ठक्, ठक् असा आवाज येत होता, बारीक आणि थांबत थांबत.

"शेजारी रिनोव्हेशन चाललंय," ते म्हणाले. "चहा घेणार?"

तेव्हा मला फरशी दिसली. पांढऱ्या फरशीवर दोन समांतर काळे ओरखडे होते, भिंतीपासून स्वयंपाकघराच्या तोंडापर्यंत. तिथे देवघराचं सागवानी कपाट उभं होतं, नको त्या जागी, वाकडं. वरच्या फळीवर बाळकृष्ण आडवा पडला होता आणि समई उलटून तेल सांडलं होतं. कपाटाच्या मागे बॉम्ब शेल्टरचं दार होतं. इथल्या नव्या फ्लॅटमध्ये ती खोली असतेच. जाड काँक्रीटच्या भिंती, पोलादी दार, आत लोक बॅगा आणि तांदळाच्या गोण्या ठेवतात. आवाज तिथून येत होता.

"कानडेसर, आत कोण आहे?"

ते हसतच राहिले. मी फोन काढून पोलिसांचा नंबर लावला. पलीकडून आवाज आला आणि मी "बुकित बातोक" एवढंच बोलले. पुढच्या क्षणी त्यांनी माझे केस मुठीत धरले आणि माझं तोंड दाराच्या चौकटीवर आपटलं. एकदा. मग दुसऱ्यांदा, अधिक सावकाश, जणू पहिल्या वेळी नीट बसलं नव्हतं. माझा दात तुटला. तोंडात रक्त आणि दाताचा तुकडा आला, आणि मला खरंच तो आवाज दातांना ऐकू आला. मी किंचाळले. समोरच्या घरातली मलाय बाई बाहेर आली, तिने ते पाहिलं आणि माझ्यापेक्षा मोठ्याने ओरडायला लागली.

कानडेसरांनी लगेच मला सोडलं. खाली वाकून माझा फोन उचलला, झब्ब्याला पुसला आणि मला दिला. "पडला तुमचा," ते म्हणाले.

त्या शेजारणीने फोन केल्यावर पोलीस आले, तेव्हा ते सोफ्यावर बसले होते. दोन पोलिसांनी मिळून कपाट सरकवलं. दार उघडलं तसा उकाड्याचा आणि लघवीचा भपकारा आला. शैलजाताई बॅगांच्या मध्ये भिंतीला टेकून बसल्या होत्या. आदल्या दुपारपासून. डाव्या हातात पितळी बत्ता होता, त्याने त्या दार ठोकत होत्या. उजवं मनगट पुन्हा मोडलेलं. एक डोळा पूर्ण बंद. कानातून आलेलं रक्त मानेवर वाळलं होतं. कुकरच्या झाकणाने मारलं होतं, हे नंतर कळलं. बरगड्या लाथांनी मोडल्या होत्या. कारण एवढंच की कानडेसरांना हिरवी वही सापडली होती आणि त्यांनी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली होती.

उघड्या डोळ्याने माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या, "मेघना, तुझा ओठ फाटलाय गं."

वॉर्डात मी त्यांच्याजवळ बसले होते, चौथ्या की पाचव्या दिवशी. माझ्या ओठाला टाके होते आणि त्यांना श्वास घेताना त्रास होत होता, त्यामुळे दोघी हळू बोलत होतो. त्यांना बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, "फर्गस कोण ते आता सगळ्यांना कळलं. पण अलास्टर कोण ते मला आधीच कळलं होतं. लिम अंकल."

"हात लिम अंकलचे घेतले," त्या म्हणाल्या. "बोलणं ह्यांचं आहे."

मला कळेना.

"लग्न ठरल्यावर हे वर्षभर शिकायला तिकडे होते. दर आठवड्याला पत्र यायचं. तळं, किल्ला, वारा, सगळं त्यातलंच. अलास्टर जे जे बोलतो ना, त्यातलं एकही वाक्य मी रचलेलं नाही. मेघना, इतकी सुंदर पत्रं मला कोणी लिहिली नाहीत. छापखान्यात कधी वाचली नाहीत." त्या थांबल्या, बरगडीवर हात ठेवून श्वास घेतला. "तो माणूस आणि हा माणूस मला एकत्र ठेवता येईना. पंचवीस वर्षं प्रयत्न केला. म्हणून दोन भाऊ केले. पण ह्यांचे हात काही अलास्टरला लावता येईनात."

बाई का राहते, हा प्रश्न मी त्यानंतर कोणाला विचारला नाही.

खटला उभा राहिला. माझी साक्ष आधी झाली, म्हणून त्यांच्या साक्षीच्या वेळी मी मागे बसू शकले. कानडेसर निळ्या सुटात होते. मला मारलं हे ते मान्य करत होते, पण शैलजाताई शेल्टरमध्ये स्वतःच जाऊन बसल्या आणि कपाट आपण त्यांना जपण्यासाठी लावलं, असं त्यांचं म्हणणं होतं. बायको मनाने अस्थिर आहे, काल्पनिक जगात राहते. पुरावा म्हणून त्यांच्या वकिलाने हिरवी वही आणि तिचं इंग्रजी भाषांतर पुढे ठेवलं.

वकील तरुण आणि सभ्य होता. त्याने विचारलं, "तुम्ही प्रेमकथा लिहिता?"

"हो."

"यातला स्कॉटलंडमधला किल्ला तुम्ही पाहिलाय?"

"नाही."

"म्हणजे कल्पनेने लिहिलाय. आणि हा नायक, अलास्टर? असा माणूस तुमच्या आयुष्यात आहे?"

कानडेसरांनी पहिल्यांदाच मान वर करून शैलजाताईंकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. विनवणी होती, आणि ती फार चांगली जमली होती. मला वाटलं, आता या म्हणणार, आहे. होता. न्यायाधीशांनी दोनदा विचारलं, तुम्हाला पाणी हवंय का.

"नाही," शैलजाताई म्हणाल्या. "असा माणूस नाही. तो मी रचला."

"मग दारात हात चिरडणारा फर्गसही तुम्ही रचलेलाच, नाही का?"

"किल्ला खोटा आहे," त्या म्हणाल्या. "नायक खोटा आहे. दार खरं आहे. कुठे, कसं, ते मी नेमकं सांगते."

आणि पुढचा अर्धा तास त्यांनी नेमकं सांगितलं. दार कोणतं, ते कोणत्या बाजूला उघडतं, त्यांचा अंगठा कुठे होता, कानडेसरांनी खांदा कोणता लावला, त्याआधी ते काय म्हणाले. कुकरच्या झाकणाची कोणती कड कानावर बसली. लाथा किती, कोणत्या पायाने, पायात काय होतं. आवाज चढवला नाही, डोळे पुसले नाहीत. एक्स-रे वाचून दाखवणाऱ्या डॉक्टरांचं म्हणणं आणि त्यांचं म्हणणं शब्दाला शब्द जुळलं. वकिलाने पुढे प्रश्न विचारले नाहीत.

बाहेर आल्यावर त्या सरळ टॉयलेटमध्ये गेल्या आणि ओकल्या. मी त्यांची पाठ धरून उभी होते. तोंड धुतल्यावर बेसिनला धरून त्या अशा रडल्या, की शेल्टरमधून बाहेर काढलं तेव्हाही तशा रडल्या नव्हत्या.

"मी आत्ता त्याला मारलं, मेघना."

"कोणाला?"

"अलास्टरला. ह्यांच्या देखत."

कानडेसरांना तुरुंगवास झाला. मंडळातल्या काही बायकांनी शैलजाताईंना फोन केले, काहींनी रस्ता बदलला. एकीने मला खाण्याच्या गाळ्यांच्या हॉकर सेंटरमध्ये गाठून विचारलं, एवढं सगळं खरंच झालं का गं, ते तर किती छान बोलायचे. मी तिला माझा खोटा दात दाखवला.

शैलजाताई सेम्बावांगला एका लहान भाड्याच्या घरात राहायला गेल्या. मनगट पूर्ण बरं झालं नाही. वही परत मिळाल्यावर त्यांनी कादंबरी डाव्या हाताने पुरी केली. शेवटी इला दोन्ही भावांना सोडून किल्ल्यातून निघते. सांगलीच्या एका लहान प्रकाशकाने ती छापली. एका वाचकाने कळवलं, नायक-नायिकेचं लग्न न लावल्यामुळे विरस झाला. त्यांनी ते पत्र मला वाचून दाखवलं आणि म्हणाल्या, "बरोबर आहे त्यांचं. माझाही झाला."

महिन्यातून दोनदा आम्ही भेटायचो. "इतर दिवशी काय करता?" असं विचारलं की म्हणायच्या, "असतात गं कामं." मी खोलात गेले नाही. एकटी बाई, लिहीत असेल, वाचत असेल, असं मी धरून चालले.

मागच्या वर्षी एका सकाळी त्या भाजी घेऊन येताना लिफ्टसमोर कोसळल्या आणि गेल्या. हृदय बंद पडलं. भारतातून बहीण येऊ शकली नाही. मंडाईच्या दहनगृहात मी, लिम अंकल आणि फार तर मंडळातल्या दोघी-तिघी असू, असं मला वाटलं होतं. हॉलमध्ये शिरले तर तिथे पंधरा-वीस बायका होत्या, आणि त्यांतल्या बहुतेक मला अनोळखी होत्या. दोघी तमिळ, एक पंजाबी, एक फिलिपिनो मोलकरीण, काही आपल्या मराठी मुली, आयटीत काम करणाऱ्या वाटाव्यात अशा. त्या एकमेकींनाही ओळखत नव्हत्या. प्रत्येकीला वाटत होतं, शैलजाताई फक्त आपल्याबरोबर येत होत्या. पोलीस चौकीत, डॉक्टरकडे, कोर्टात. बाकावर शेजारी बसायच्या आणि आत जायच्या आधी एवढंच सांगायच्या, रडलीस तरी चालेल, पण नेमकं सांग.

सगळं झाल्यावर मी बाहेर उभी होते. एक मुलगी जवळ आली. पंचविशीची असेल. गळ्यावर ओढणी घट्ट गुंडाळलेली, आणि ओढणीच्या वरच्या कडेला बोटांचे निळे ठसे दिसत होते. तिला त्याची कल्पना नसावी.

"तुम्ही मेघनाताई ना?" तिने विचारलं. "त्या तुमच्याबद्दल सांगायच्या." मग ती पार्किंगकडे बघत म्हणाली, "उद्या अकरा वाजता माझी तारीख आहे. त्या येणार होत्या."

मी फोन काढला आणि उद्याची रजा टाकली.